प्रतिनिधी कोणाचा? राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतील स्थानिक प्रतिनिधित्व (१८८५–१९३९)

राष्ट्रीय सभेच्या इतिहासलेखनात अध्यक्षांची भाषणे आणि संमत झालेले ठराव यांना मानाचे स्थान मिळाले आहे. त्या ठरावांना संमती देणारा प्रतिनिधी मात्र बहुधा केवळ संख्येच्या रूपाने येतो. तो कोणत्या गावाहून आला, त्याला कोणी निवडले आणि तो कोणाच्या वतीने बोलत होता, हे प्रश्न वरवर पाहता तपशिलाचे वाटतात. तथापि सभेतील अनेक मोठे वाद याच प्रश्नांभोवती घडले. प्रस्तुत लेखात मराठी प्रदेशातील अधिवेशनांच्या आधारे या प्रश्नांचा मागोवा घेतला आहे.

पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. पटकीच्या साथीमुळे ते डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. उपस्थित ७२ प्रतिनिधींपैकी ३८ मुंबई इलाख्यातील होते, तर बंगालमधून अवघे तीन आले होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, सीताराम हरी चिपळूणकर, गोपाळ गणेश आगरकर ही मंडळी त्यांत होती. या गृहस्थांची निवड कोणत्याही मतदारसंघाने केली नव्हती. सार्वजनिक सभेसारखी संस्था, वृत्तपत्र किंवा वकिली व्यवसायातील प्रतिष्ठा हेच त्यांचे अधिकारपत्र होते.

पुढे संस्थांनी वा जाहीर सभांनी प्रतिनिधी निवडून पाठविण्याची पद्धत रूढ झाली. तिला संख्येचे बंधन नव्हते. मद्रास येथे १८८७ साली ६०७, अलाहाबादेस १८८८ साली १२४८ आणि मुंबईस १८८९ साली १८८९ प्रतिनिधी जमले. ज्या शहरी मांडव पडे, तेथील व आसपासच्या लोकांना येणे सोपे जाई; दूरच्या प्रांतातील माणसाला प्रवासाचा खर्च आणि रजेची अडचण ओलांडावी लागे. त्यामुळे सभेचा कौल हा काही अंशी सभास्थानाचा कौल ठरण्याचा धोका होता. मुंबईच्या अधिवेशनातच दर दहा लाख लोकसंख्येस पाच प्रतिनिधी अशी मर्यादा घालण्यात आली, तिची पार्श्वभूमी ही होती.

परंतु संख्येची वाटणी झाली म्हणून प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटत नव्हता. तो मुळापासून उपस्थित केला महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८९ च्या अधिवेशनप्रसंगी त्यांनी मांडवाबाहेर शेतकऱ्याचा भव्य पुतळा उभारल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. मांडवात शेतकऱ्याच्या दारिद्र्यावर ठराव होत असताना स्वतः शेतकरी मात्र बाहेरच आहे, असा त्याचा अर्थ होता. शूद्रातिशूद्रांचा समावेश नसलेल्या सभेला राष्ट्रीय म्हणता येणार नाही, ही त्यांची भूमिका १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तही आढळते. त्याच अधिवेशनास पंडिता रमाबाईंसह काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. मांडवाचे दार अगदीच बंद नव्हते. ते कोणासाठी व किती उघडावे, हा वाद होता.

सभास्थान आणि सत्ता यांचा संबंध १९०७ साली उघड झाला. त्या वर्षीचे अधिवेशन नागपूरला व्हावयाचे होते. नागपुरात टिळकपक्षाचा जोर असल्याने नेमस्तांनी ते सुरतेस हलविले. यजमान प्रांतातील व्यक्तीने अध्यक्ष होऊ नये, असा संकेत होता. सुरत मुंबई इलाख्यात असल्यामुळे टिळकांच्या नावाचा विचारही आपोआप मागे पडला. सुरतेस सभा उधळली गेली, ही घटना सर्वश्रुत आहे. तिच्यानंतर १९०८ मध्ये तयार झालेल्या घटनेचे महत्त्व मात्र अधिक टिकाऊ होते. सभेचे ध्येय मान्य करणाऱ्या अधिकृत समित्यांनी व मान्यताप्राप्त संस्थांनी निवडलेलाच प्रतिनिधी ग्राह्य धरला जाऊ लागला. परिणामी राष्ट्रीय पक्षाचा सभाप्रवेश बंद झाला. १९१५ च्या मुंबई अधिवेशनाने निवडीचे नियम सैल केले, तेव्हाच १९१६ साली लखनौस टिळक आणि त्यांचे अनुयायी पुन्हा प्रतिनिधी म्हणून बसू शकले. आठ वर्षांचा बहिष्कार आणि पुनःप्रवेश ही दोन्ही कामे प्रतिनिधी-निवडीच्या कलमानेच केली.

नागपूरला अधिवेशन भरले ते १९२० साली. चौदा हजारांवर प्रतिनिधी जमलेल्या या अधिवेशनाने अशी अमर्याद गर्दी पुन्हा होऊ नये, अशी घटना संमत केली. पन्नास हजार लोकसंख्येस एक प्रतिनिधी, चार आणे वर्गणी भरणारा सभासद आणि भाषावार प्रांतिक समित्या ही तिची प्रमुख अंगे होत. मराठी भाषकांच्या दृष्टीने पाहता महाराष्ट्र, मध्यप्रांत (मराठी) आणि वऱ्हाड असे स्वतंत्र प्रांत झाले. मुंबई शहराच्या प्रांतात मराठी व गुजराती या दोन्ही भाषांना स्थान मिळाले. इंग्रजी येणाऱ्या वकिलाबरोबरच तालुक्याच्या गावचा कार्यकर्ताही स्वभाषेत निवडून येण्याची वाट येथून खुली झाली.

१९३४ च्या मुंबई अधिवेशनात प्रतिनिधींची संख्या दोन हजारांवर आणण्यात आली. त्यांपैकी १४८९ ग्रामीण आणि ५११ नागरी विभागांतून यावयाचे होते. फुल्यांच्या आक्षेपानंतर पंचेचाळीस वर्षांनी त्याला घटनेच्या भाषेत मिळालेले हे एक उत्तर होते. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे प्रथमच खेड्यात अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तेथे शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. त्याच वेळी शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी चालत फैजपुरास पोहोचला. १८८९ साली मांडवाबाहेर शेतकऱ्याचा पुतळा होता. आता स्वतः शेतकरी मांडवापर्यंत आला होता. मात्र ग्रामीण विभागाचा प्रतिनिधी आणि राबणारा कुळवाडी हे एकच नव्हेत, हा भेद या जथ्यानेच अधोरेखित केला.

जानेवारी १९३९ मध्ये अध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात मतदान केले. सुभाषचंद्र बोस यांना १५८० आणि पट्टाभी सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. सभास्थानाच्या जवळिकीला या निवडणुकीत काही किंमत उरली नव्हती. उलट सभासदनोंदणीला ती आली होती, आणि निकालानंतर गांधीजींनी सभेच्या दप्तरातील बोगस सभासदांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मार्चमध्ये त्रिपुरीच्या अधिवेशनाने नव्या अध्यक्षांवर कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचे बंधन घातले; एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

एकूण पाहता, प्रतिनिधीचा अधिकार प्रतिष्ठेकडून जाहीर सभेकडे, तेथून अधिकृत समितीकडे आणि अखेरीस सभासदाच्या मताकडे सरकत गेला. प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी आत घेतले गेले आणि कोणाला तरी दाराशी थांबवले गेले. म्हणून एखाद्या अधिवेशनाचे मूल्यमापन करताना केवळ संमत ठराव वाचून भागणार नाही. त्या ठरावाला संमती देण्याचा अधिकार कोणत्या नियमाने आणि कोणत्या गावापर्यंत पोहोचला होता, याची तपासणी ही त्याची पहिली पायरी ठरावी.