क्राकूवच्या गवंड्यांचा गोठा

भगिनींनो, दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, गौरीगणपतीला आपण मखर सजवतो; तसाच नाताळात येशूजन्माचा गोठा मांडण्याचा रिवाज ख्रिस्ती घरांतून आहे. आपल्या वसईकडेही तो आहे. पण आज सांगावयाची हकीकत आहे पोलंडमधील क्राकूव शहराची. ही माणसे आपल्याला अगदीच परकी नव्हेत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची, बहुतेक बायकामुलांची, मोठी छावणी होती.

गोठ्याची चाल पसरली ती इटलीतून. १२२३ साली ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीत गवत घालून, खरा बैल व खरे गाढव उभे करून नाताळची रात्र साजरी केली. पुढे त्यांच्या पंथाच्या साधूंनी ही चाल देशोदेशी नेली. पोलंडात गोठ्यापुढे बाहुल्यांचे खेळ होऊ लागले. त्यांत थट्टामस्करी फार शिरली, तेव्हा अठराव्या शतकात धर्मगुरूंनी त्यांना चर्चबाहेर काढले. मग खेळ रस्त्यावर आणि घरोघर आले.

इथे गवंडी येतात. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडले की बांधकाम बंद, आणि बांधकाम बंद म्हणजे चूल बंद. पण हातात कसब होते. एकोणिसाव्या शतकात शहराच्या कडेला राहणाऱ्या या गवंड्यांनी लाकूड, पुठ्ठा व रंगीत कागद घेऊन गोठे करावयास घेतले. लहान गोठे चौकात विकायचे, मोठे खांद्यावर घेऊन घरोघर बाहुल्या नाचवायच्या आणि मिळतील ते पैसे घरी आणायचे. मिखाउ एझेनेकिएर नावाच्या गवंड्याने केलेला गोठा तेथील संग्रहालयात जपून ठेवला आहे.

नाव गोठ्याचे, ‘शोप्का’ म्हणजे लहानसे छप्पर, पण रूप राजवाड्याचे! गवंडीच ते, ज्या इमारती रोज पाहिल्या त्याच त्यांनी उभ्या केल्या. सेंट मेरी चर्चचे दोन उंचसखल मनोरे, वावेल किल्ल्यावरील देवळाचा सोनेरी घुमट, आणि मधल्या मजल्यावर बाळ येशू. अंगावर सगळी चकचकीत बेगड. चॉकलेटचे चांदीचे कागद पुष्कळजण वर्षभर साठवतात. आपणही मखरासाठी तेच करतो की!

पहिल्या महायुद्धानंतर ही कला मागे पडत चालली. म्हणून १९३७ साली शहराने स्पर्धा सुरू केली. जर्मन अमलात ती बंद होती. युद्ध संपताच १९४५ च्या डिसेंबरात पुन्हा भरली. स्पर्धेने कला वाचली खरी, पण बाहुल्या मात्र मागे पडल्या. आता बहुतेक गोठे नुसते पाहण्याचे असतात, याचे मला वाईट वाटते. घरोघर जाऊन चार माणसांना हसवणे त्यात राहिले नाही.

२०१८ साली युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आजही डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी कारागीर आपले गोठे चौकातील कवी मित्स्कीएविच यांच्या पुतळ्यापाशी आणून मांडतात. काही माणसाहून उंच, काही तळहातावर मावतील एवढे. आणि मुलांनी केलेलेही त्यांत असतात.