पिंपरीचे पेनिसिलिन आणि परळची प्रयोगशाळा

मोरया गोसाव्यांचे चिंचवड आणि फिरंगोजी नरसाळ्याचे चाकण यांच्या आसपासचा मुलूख आज मोटारींच्या कारखान्यांसाठी विख्यात असला, तरी या औद्योगिक वसाहतीच्या आरंभकाळी, १९५४ साली, पिंपरीस जो सरकारी कारखाना स्थापन झाला, तो औषधाचा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधून, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एचए’मधून, १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले.

त्याआधी तीनच वर्षे, १९५२ साली, ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी वैद्याने आठ वर्षांच्या एका मुलाचे रक्त तपासले होते. पुनःपुन्हा जंतुसंसर्गाने ग्रासलेल्या त्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन हे संरक्षक द्रव्य जवळजवळ नव्हतेच. ते बाहेरून टोचताच त्याची दुखणी आवरली. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या उणिवेची शास्त्रीय ओळख येथून दृढ झाली. पेनिसिलिनपूर्व काळी असे मूल पहिल्यादुसऱ्या दुखण्यातच जाई आणि दफ्तरी ‘न्यूमोनिया’ एवढीच नोंद होई. पेनिसिलिनोत्तर काळी ते दर खेपेस बरे होई, म्हणून पुढचे दुखणे नवेच समजले जाई. ज्या औषधाने मूल वाचवले त्यानेच मूळ व्याधी झाकली, असे मला वाटते. पुढे शास्त्रज्ञ तिरुमलाचार यांनी एचएच्या प्रयोगशाळेत बुरशीनाशक हॅमायसिन शोधले. ते ज्या सूक्ष्मजंतूपासून लाभले त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवले गेले. तोंडातील बुरशी हटत नसेल तर प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा, हे ज्ञान मात्र पिंपरीच्या चाळींपर्यंत औषधाइतक्या सहजतेने पोहोचले नाही.

ते ज्ञान परळला साचत गेले. १९५७ साली रक्तगटांच्या निर्णयासाठी मुंबईत जे संदर्भ केंद्र निघाले, त्यातूनच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था वाढली. केईएम रुग्णालयाच्या आवारातील या संस्थेत पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजून या उणिवेचे निदान होते. पिंपरीच्या कामगाराला तेथवर मुलाला नेण्याचा सल्ला वेळेवर मिळणे, हाच त्याला खरा आधार. कारण काही उणिवांत बीसीजीची जिवंत लसही घातक ठरते, आणि ती तर जन्मतःच टोचली जाते.

उपचाराचा खर्च हा निराळाच प्रश्न. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन तीन-चार आठवड्यांनी, वजनाच्या हिशेबाने, बहुधा जन्मभर घ्यावे लागते. काही उणिवांत अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हाच इलाज. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात अशा काही उणिवांचा समावेश झाला, आणि पुढे नियुक्त केंद्रांमार्फत मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढली. महाराष्ट्रात केईएम हे असे केंद्र आहे. अर्ज, दाखले, मंजुरी हा दरबारी क्रम येथेही चुकत नाही.

परंतु त्या केंद्रात जाताना डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांबरोबर आणखी एक माहिती न्यावी लागते. ब्रूटनच्या व्याधीसारख्या प्रकारांत दोष आईच्या वंशातून येतो आणि मुलगेच आजारी पडतात (सुनेला बोल लावण्याचे हे कारण नव्हे). म्हणून मुलाच्या आजोळी कोणते मुलगे लहानपणीच गेले, हे वैद्य विचारतात, आणि ते बहुधा एखाद्या म्हाताऱ्या आजीलाच आठवत असते.