दिनविशेष, २२ मे : फ्रॉम्बोर्कला सापडलेली कबर

पोलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील फ्रॉम्बोर्क या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावातील कॅथेड्रलमध्ये २०१० साली आजच्या दिवशी निकोलस कोपर्निकसच्या अस्थी सन्मानाने पुन्हा दफन झाल्या. १५४३ मध्ये तो इथेच वारला, पण कबरीवर नाव नव्हते. २००५ मध्ये फरशीखाली सापडलेली कवटी त्याचीच कशावरून? त्याने वर्षानुवर्षे हाताळलेला एक पंचांगग्रंथ सतराव्या शतकातील युद्धात स्वीडिश सैन्याने लुटून नेला. तो आज उप्सालात आहे. त्याच्या पानांत काही केस अडकून राहिले होते. त्यांतील दोन केसांचा डीएनए कवटीच्या दाताशी जुळला. आक्षेप असा, की ही जुळणी केवळ मातृवंशाच्या डीएनएची आहे आणि ती इतरांशीही जुळू शकते. आक्षेप रास्तच आहे. पण पुरावा एवढाच नाही. कवटी मिळाली ती कोपर्निकसकडे सोपवलेल्या वेदीजवळ, आणि ती सुमारे सत्तरीच्या पुरुषाची आहे. कोपर्निकसही सत्तराव्या वर्षीच गेला. वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे धागे एकाच माणसापाशी पोहोचतात, म्हणून हा निष्कर्ष मान्य करायला हवा. चर्चचा कारभार सांभाळत याच गावी त्याने पृथ्वीला सूर्याभोवती फिरवले. आता त्याच्या कबरीवरील काळ्या ग्रॅनाइटच्या शिळेवर सोनेरी सूर्य आहे आणि त्याभोवती सहा ग्रह.