शेवटच्या पदानंतरची कसर

कॉलेजात टेलर श्रेणी शिकवताना आमच्या सरांनी शेवटचे शेषपद फळ्यावर लिहिले आणि लगेच पुसून टाकले. "हे परीक्षेला येत नाही." त्या पुसलेल्या पदाचा इतिहास मी फार उशिरा वाचला.

ब्रुक टेलरने १७१५ साली श्रेणी छापली. ती मध्येच तोडली तर चूक किती राहते, याचा हिशोब त्यात नव्हता. तो लाग्रांजने १७९७ मध्ये मांडला. आज संगणकावर अवकलज काढताना पाऊल निम्मे केले तर चूक निम्मी होईल की पाव, हे शेषपदच सांगते.

पण हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी केरळात विचारला गेला होता. चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवाच्या नावावर परिघाची श्रेणी आहे: व्यासाची चौपट घ्या, तिचा तिसरा भाग वजा करा, पाचवा मिळवा, सातवा वजा... दिसायला देखणी, चालायला गोगलगाय. दहा पदांनंतर पाय येतो ३.०४१८. म्हणजे पहिलाच दशांश चुकलेला!

माधवाच्या परंपरेने पदे वाढवत बसण्याऐवजी न मोजलेल्या शेपटाचाच अंदाज बांधला. त्याला म्हणतात अंत्य-संस्कार. मी वहीत करून पाहिले. त्याच दहा पदांना सर्वात साधा संस्कार जोडला, ३.१४१८ आले. तिसरा, सर्वात बारीक संस्कार जोडला, तर ३.१४१५९२७. मी बेरीज दोनदा तपासली.

ज्येष्ठदेवांच्या 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात याची युक्ती आहे. संस्कार अचूक असेल, तर एखाद्या पदाच्या आधीचा आणि नंतरचा संस्कार मिळून बरोबर ते पद भरले पाहिजे. जो फरक उरतो त्याला नाव दिले आहे 'स्थौल्य', म्हणजे जाडेपणा. हा जाडेपणा मोजायचा आणि त्यावरून संस्काराचा छेद सुधारायचा.

त्याच सुमारास समरकंदमध्ये अल-काशी उलट्या टोकाने निघाला होता. त्याने १४२४ मध्ये आधी चूकच ठरवली: पृथ्वीच्या व्यासाच्या सहा लाख पट व्यासाचे वर्तुळ घेतले, तरी परिघात घोड्याच्या केसाच्या जाडीइतकाही फरक पडता कामा नये. त्यासाठी ८०,५३,०६,३६८ बाजूंचा बहुभुज लागेल हे त्याने काढले, आणि मग आकडेमोडीला बसला. आमच्याकडे त्याचे नाव घेतात ते सोळा दशांशांसाठी. मला तो घोड्याचा केस जास्त आवडतो.