स्पॅनिश अध्ययनातील व्याकरण आणि शब्दसंग्रह (मराठी भाषक)

स्पॅनिश ही रोमान्स गटातील भाषा शिकताना व्याकरणाची अचूकता आणि शब्दसंग्रहाची वाढ यांत समतोल साधावा लागतो. मराठी भाषकांच्या बाबतीत हा समतोल वेगळा ठरतो, कारण स्पॅनिशच्या काही रचना मराठीत आधीच आढळतात. शब्दसंग्रह मात्र बहुतांशी अपरिचित असतो.

मराठीशी जुळणाऱ्या रचना

‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते. ‘बेओ ला कासा’ (मी घर पाहतो) आणि ‘बेओ आ मारिया’ (मी मारियाला पाहतो) यांत व्यक्तिवाचक कर्मापूर्वी येणारा ‘आ’ मराठीतील ‘ला’ प्रत्ययासारखे काम करतो. ‘तू’ व ‘उस्तेद’ हा भेदही ‘तू’ व ‘आपण’ या भेदाशी मिळताजुळता आहे. इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत या विषयांना बरीच जागा दिलेली असते. मराठी विद्यार्थी तोच वेळ शब्दसंग्रहाला देऊ शकतो.

अडचणीच्या रचना

‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांसाठी मराठीत ‘असणे’ हे एकच क्रियापद आहे. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे ‘तो कंटाळवाणा आहे’, तर ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे ‘तो कंटाळला आहे’. येथे व्याकरणाच्या चुकीने अर्थच बदलतो. नामांची लिंगेही पाठ करावी लागतात. मराठीत नपुंसकलिंगी असलेल्या ‘घर’ या शब्दाचा स्पॅनिश प्रतिशब्द ‘कासा’ स्त्रीलिंगी आहे, तर ‘प्रोब्लेमा’ आकारान्त असूनही पुल्लिंगी आहे.

शब्दसंग्रह

पोर्तुगीजमधून मराठीत आलेले पाव, चावी, बादली यांसारखे शब्द स्पॅनिशमधील ‘पान’, ‘याबे’, ‘बाल्दे’ यांचे सगोत्र आहेत. मात्र साम्य फसवेही असते. मराठीत ‘पगार’ हे नाम आहे, तर स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे ‘पैसे देणे’. स्पॅनिश ‘बाताता’ म्हणजे बटाटा नसून रताळे.

उच्चार आणि बोलीभेद

भंडारा जिल्ह्यात आणि लगतच्या झाडीपट्टीत बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ‘ण’ व ‘ळ’ यांच्या जागी सामान्यतः ‘न’ व ‘र’ येतात (पाणी–पानी, डोळा–डोरा). प्रमाण मराठीच्या निकषावर हे उच्चार अनेकदा अशुद्ध ठरवले जातात. स्पॅनिशमध्ये ‘ण’ व ‘ळ’ हे ध्वनी स्वतंत्र वर्ण म्हणून नाहीत, त्यामुळे त्या भाषेत हा फरक अडसर ठरत नाही. खुद्द स्पॅनिशमध्येही ‘जोडा’ या अर्थाचा शब्द स्पेनच्या बहुतांश भागात ‘थापातो’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘सापातो’ असा उच्चारला जातो. दोन्ही उच्चार शुद्ध मानले जातात. याउलट ‘पेरो’ (परंतु) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांतील ‘र’चा भेद अर्थ बदलणारा असल्याने तो सर्वांनाच शिकावा लागतो.

समतोल आणि मूल्यमापन

भाषातज्ज्ञ डेव्हिड विल्किन्स यांनी १९७२ मध्ये असे मत मांडले की, व्याकरणाविना संवाद तोकडा राहतो, तर शब्दांविना तो होतच नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय भाषा चौकटीत शब्दसंग्रहाचा आवाका आणि व्याकरणाची अचूकता यांसाठी स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. आरंभीच्या ए-१ पातळीवर मोजक्या सोप्या रचनांवर मर्यादित प्रभुत्व पुरेसे मानले जाते; बी-१ पातळीवर आशय स्पष्ट असल्यास चुका ग्राह्य धरल्या जातात. या पातळ्यांवर आधारित ‘देले’ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण तपासले जाते. व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते.