कल्पित वंश आणि त्यांच्या भाषा : टोल्किन यांच्या भाषानिर्मितीविषयी काही विचार

भाषा आणि वंश यांचा संबंध काय, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील तौलनिक भाषाशास्त्रात बराच घोटाळा माजविला. एका भाषाकुलाला दिलेले ‘आर्य’ हे नाव पाहता पाहता रक्ताला आणि कवटीच्या मापालाही चिकटविण्यात आले. ‘आर्य रक्ता’ची भाषा करणारा मानववंशशास्त्रज्ञ हा लांबट डोक्याच्या शब्दकोशाची गोष्ट करणाऱ्या भाषापंडिताइतकाच दोषी होय, असे मॅक्समुल्लर यांनी १८८८ मध्ये बजावले, परंतु तो इशारा फारसा कोणी मनावर घेतला नाही. या जुन्या वादाच्या संदर्भात एका कल्पित सृष्टीतील भाषांचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हे १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कथेत एल्फ, ड्वॉर्फ, ऑर्क, हॉबिट व मानव असे अनेक वंश येतात, आणि त्यांच्या भाषाही येतात. कथेला शोभा यावी म्हणून या भाषा मागाहून रचल्या असाव्यात, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. भाषा आधी जन्मल्या. त्या बोलणारे लोक आणि त्यांचा इतिहास नंतर आला. भाषा रचण्याच्या या छंदाविषयी टोल्किन यांनी १९३१ मध्ये एक व्याख्यानही दिले होते.

एल्फांच्या दोन प्रमुख भाषांपैकी क्वेन्याची घडण फिनिश भाषेच्या नादावरून, तर सिंदारिनची वेल्शवरून सुचलेली आहे. तथापि या दोन्ही भाषा एकाच कल्पित मूळ भाषेतून निश्चित ध्वनिनियमांनी निघालेल्या दाखविल्या आहेत. ‘क्वेत्’ (बोलणे) या धातूपासून क्वेन्यात ‘क्वेत्ता’, तर सिंदारिनमध्ये ‘पेथ’ हा शब्द होतो. दोहोंचा अर्थ ‘शब्द’ असाच. लॅटिन ‘क्वात्तुओर’ आणि वेल्श ‘पेद्वार’ (चार) यांत हेच परिवर्तन दिसते. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’ ही परंपरा शिकलेल्या मराठी अभ्यासकाला ही रीत परिचयाची वाटेल.

परंतु खरे महत्त्व याच्या पुढे आहे. या सृष्टीत भाषा वंशाला जखडलेली नाही. पश्चिमेकडून परतलेल्या नोल्दोर एल्फांची क्वेन्या राजा थिंगोल निषिद्ध ठरवितो. ते स्थानिक सिंदारिन स्वीकारतात आणि क्वेन्या विधींची व विद्येची भाषा होऊन राहते. हॉबिट आपली जुनी भाषा सोडून मानवांची सामान्य बोली उचलतात. ड्वॉर्फांची खुझ्दुल सेमिटिक भाषांप्रमाणे त्रिव्यंजनी धातूंवर उभी आहे (एक तो ‘खुझ्द’, सारी जमात ‘खझाद’). पण ती ते परक्यांपासून गुप्त राखतात आणि व्यवहारात शेजाऱ्यांची भाषा बोलतात. सर्वांत बोलके उदाहरण ‘काळ्या भाषे’चे. सत्ताधीश सौरॉन ती एकट्याने रचतो आणि आपल्या सर्व सेवकांनी तीच बोलावी अशी इच्छा धरतो. ती इच्छा फळत नाही. ऑर्कांच्या टोळ्या आपापल्या बोली बोलतात आणि परस्परांशी बोलण्यासाठी त्यांनाही सामान्य बोलीचाच आश्रय घ्यावा लागतो. हुकुमाने भाषा रुजत नाही, हा निष्कर्ष भाषेच्या इतिहासकारास मान्य होईल.

या योजनेत दोष नाही असे नव्हे. सुष्टांची भाषा मधुर आणि दुष्टांची कर्कश, ही वाटणी जुन्या पूर्वग्रहाचाच अवशेष आहे. कोणताही ध्वनी स्वभावतः नीच नसतो.

तरीही लेखकाची मूळ दृष्टी कोणती होती, याचा पुरावा कथेबाहेर मिळतो. १९३८ मध्ये ‘द हॉबिट’चा अनुवाद काढू इच्छिणाऱ्या जर्मन प्रकाशकाने टोल्किन यांच्याकडे ‘आर्य’ वंशाची ग्वाही मागितली. उत्तराच्या मसुद्यात त्यांनी लिहिले की, आर्य म्हणजे भारत-इराणी. आणि आपल्या माहितीप्रमाणे आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्तानी, फारसी वा जिप्सींची भाषा बोलत नव्हता. यहुदी पूर्वज असल्याचे सांगता येत नाही, याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. भाषाशास्त्रातून उचलून नेलेला शब्द एका भाषाशास्त्रज्ञाने असा स्वस्थानी परत आणला. वंशागणिक भाषा रचणाऱ्याच्या हातून हे घडावे, यात विसंगती नाही. भाषा रचताना त्याने तिला रक्त नव्हे, इतिहास दिला होता.