कुलूप आधी, खिडकी नंतर

मार्च महिन्यात पुण्याचा एक मित्र सेलूला आला होता. हिंगणीकडे जाताना मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया बघून त्याला बिझनेस आयडिया सुचली: इथे छोटी डिस्टिलरी काढू, तुझ्या काकांचं गोडाऊन आहेच. मी हसलो. वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. समजा परवाना मिळाला असता, तर त्या गोडाऊनमध्ये काय काय बदलावं लागलं असतं?

जवळजवळ सगळंच. शुद्ध इथेनॉलची वाफ 13 अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेटते. 40 टक्क्यांच्या दारूला साधारण 26 अंश लागतात. सेलूत मे महिन्यात पत्र्याखाली किती असतात ते सांगायला नको. ही वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. म्हणून हवा खेळायची सोय खालूनही हवी, सांडलेली दारू अडवायला भोवती कट्टा हवा, आणि वाफ थंड करणारं पाणी थांबलं की भट्टीही आपोआप बंद व्हायला हवी. साधा फोम इथे चालत नाही, अल्कोहोल तो विरघळवून टाकतं.

गंमत म्हणजे सरकारांना दारू पेटते हे पहिल्यापासून माहीत होतं. इंग्लंडमध्ये कर ठरवायला बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवत. पेटली तर मद्य कडक, कर जास्त. ‘प्रूफ’ हा शब्द तिथला. आग होती, पण मोजमापापुरती.

आपल्याकडेही सुरुवात महसुलापासूनच झाली. मुंबई इलाख्यात 1878च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्या आल्या. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात. तिथला अबकारी कायदा 1915चा. भट्टीला कुलूप कुणाचं आणि किल्ली कुणाकडे, हा कळीचा मुद्दा. खिडकी किती मोठी, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

28 मार्च 1960 रोजी ग्लासगोत व्हिस्की आणि रमच्या गोदामाला आग लागली. पिंपं फुटली, वाफेचा स्फोट झाला, भिंती रस्त्यावर कोसळल्या. अग्निशमन आणि बचाव दलाचे 19 जण गेले. ते गोदामही करासाठी नीट कुलूपबंद होतं.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा स्वतंत्र कायदा 2006चा. आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. माझ्या मते हा चांगला कायदा आहे. फक्त तो कागदावर असलेल्या इमारतीलाच लागू होतो.

आणि आमच्याकडची दारू कागदावर नाहीच. पेपरात ‘वॉश आऊट मोहीम’ची बातमी येते: नाल्याच्या काठी मोहा सडव्याचे ड्रम, खाली लाकडाची चूल, वर मडकं, बाजूला भरलेले डबे. उघडी ज्वाळा आणि दारूची वाफ यांच्यात हातभर अंतर. तिथे कुणी भाजलं तर तो दवाखान्यात काय सांगणार? चुलीवर भाजलो, एवढंच.

मित्र पुण्याला परत गेला. जाताना काकांना विचारलं, गोडाऊनला खिडकी काढायची का? काका म्हणाले, ‘‘कापूस चोरीला जाईल ना बे.’’

आत सध्या कापूसच आहे. दाराला दोन कुलपं आहेत.